लेट्यूस पाण्यात वाढतं, पण जगतं हवेवर

कुंडीत पाणी साचलं की रोप पिवळं पडतं आणि कुजतं. मग टबातल्या पाण्यात मुळं चोवीस तास सोडून बसलेलं लेट्यूस पाच आठवड्यांत टरारून कसं येतं? खरं तर कुंडीतलं रोप पाण्याने मरत नाही, गुदमरून मरतं. मातीच्या पोकळ्यांमधली हवा पाण्याने हुसकावलेली असते आणि साचलेल्या पाण्यातला प्राणवायू मुळं नि जिवाणू मिळून फस्त करतात. त्याच पाण्यात सतत हवा सोडत राहिलं, तर मुळांची काही तक्रार नसते.

डीप वॉटर कल्चर म्हणजे एवढंच. झाकणबंद टब, त्यात खत विरघळवलेलं पाणी, झाकणाच्या भोकांतून खाली लोंबणारी मुळं आणि माशांच्या टाकीला लावतात तसला हवेचा पंप. या विषयावर बोलायला बसलं की सगळे खतांवर घसरतात. टब बुडतो तो मात्र बहुतेक वेळा हवा बंद पडल्याने, पाणी तापल्याने किंवा वीज गेल्याने.

खालचं सगळं मोजमाप घरातल्या एका टबाचं आहे: ४० लिटर पाणी, ८ रोपं.

टब आणि हवा

मासेवाले वापरतात तो बिनभोकाचा प्लास्टिकचा क्रेट यासाठी उत्तम. साधारण ६० बाय ४० सेंमी, खोली २० सेंमीच्या वर. पारदर्शक डबा घेऊ नका. फिका रंग असेल तर मोबाइलचा टॉर्च आतून लावून बघा. बाहेर उजेड दिसला, तर तो उजेड उलट आतही जाणार आणि आठवड्याभरात भिंती हिरव्या होणार. आधी काळा रंग, त्यावर पांढरा असे दोन हात मारा. नुसता काळा टब उन्हाच्या झळीने तापतो.

झाकण ८ ते १० मिमीच्या सनबोर्डचं करा. त्यात ५ सेंमी व्यासाची ८ भोकं, दोन रांगांत चार-चार, मधून साधारण १५ सेंमी अंतर. भोकांत जाळीच्या कुंड्या म्हणजे नेटपॉट बसतात. आत भाजलेल्या मातीच्या गोळ्या. त्या फक्त आधारासाठी असतात, पण आधी नीट धुवा, नाहीतर त्यांची लाल माती हवेच्या दगडाची (पंपाच्या नळीच्या टोकाला असतो तो बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) छिद्रं बुजवते.

पंप ४-५ वॅटचा, दोन तोंडांचा, मिनिटाला एकूण ३ ते ४ लिटर हवा देणारा. खोक्यावरचा आकडा पंप मोकळा चालतानाचा असतो; नळीच्या टोकाला दगड आणि वर २० सेंमी पाणी आलं की हवा कमी होते, तेव्हा थोडा मोठाच घ्या. दोन दगड टबाच्या दोन टोकांना ठेवा. बुडबुडे बारीक हवेत, कारण तेवढ्याच हवेचे बुडबुडे जितके बारीक, तितकं त्यांचं पाण्याशी लागणारं अंग जास्त. वरचं पाणी हलतं राहतं, त्यातूनही प्राणवायू मिसळतो.

पंप टबाच्या पाण्यापेक्षा उंच ठेवा. तो जमिनीवर ठेवला आणि वीज गेली, तर टबातलं पाणी नळीतून उलटं उतरून पंपात जातं आणि तिथून फरशीवर. जागा नसेल तर नळीत एकेरी झडप घाला. तिच्यावरचा बाण टबाच्या दिशेने हवा. उलटी बसवली तर हवाच येत नाही आणि माणूस पंपाला शिव्या देत बसतो. विजेच्या वायरीला प्लगच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही.

खत: द्राक्षवाल्यांच्या दुकानातून

ठिबकवर द्राक्ष-टोमॅटो घेणाऱ्याला ही खतं तोंडपाठ असतात. कृषी सेवा केंद्रात सगळी मिळतात. ४० लिटरसाठी:

कॅल्शियम नायट्रेट २४ ग्रॅम, तेरा-शून्य-पंचेचाळीस (पोटॅशियम नायट्रेट) १६ ग्रॅम, शून्य-बावन्न-चौतीस (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) ६ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १४ ग्रॅम, ईडीटीए चिलेटेड लोह (१२ टक्क्यांचं) ०.७ ग्रॅम.

यातून लिटरमागे साधारण १४५ मिग्रॅ नत्र, ३४ स्फुरद, १९० पालाश, ११३ कॅल्शियम आणि ३४ मॅग्नेशियम मिळतं. (ही मूलद्रव्यांची मापं आहेत. पोत्यावर स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या हिशोबात छापतात, म्हणून तिथले आकडे मोठे दिसतात.)

कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळवायचं, बाकीची दुसऱ्या. टबात आधी भरपूर पाणी, मग एक भांडं, ढवळून झाल्यावर दुसरं. दोन्ही दाट द्रावणं एकमेकांत ओतली तर कॅल्शियमची सल्फेट-फॉस्फेटशी गाठ पडते आणि तळाला पांढरा साका बसतो. तो साका म्हणजे तुमचंच खत, जे आता मुळांना मिळणार नाही. बाजारात ए आणि बी अशा दोन बाटल्या येतात त्या याच कारणाने. एकच टब करायचा असेल तर खरं म्हणजे त्या तयार बाटल्याच घ्या. सुटं खत तीन-चार टब झाल्यावर परवडतं. सुटं घेतलंच, तर कॅल्शियम नायट्रेट हवाबंद बरणीत ठेवा. पावसाळ्यात पुडी उघडी राहिली तर ते हवेतलं पाणी ओढून ओलंगच्च होतं आणि मग वजनात निम्मं खत, निम्मं पाणी.

एकोणीस-एकोणीस-एकोणीस स्वस्त आणि सहज मिळतं म्हणून तेच टाकायचा मोह होतो. टाकू नका. त्यातलं बरंचसं नत्र युरियाचं असतं. मातीतले जिवाणू युरिया फोडून पिकाला देतात. स्वच्छ टबात तेवढे जिवाणूच नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम नाही.

सूक्ष्म अन्नद्रव्यांना बर्कलीच्या हॉगलंड आणि अर्नन या शास्त्रज्ञांच्या १९३८ सालच्या मापावर बेतलेलं प्रमाण अजून चालतं. १ लिटर पाण्यात बोरिक ॲसिड २.८६ ग्रॅम, मँगनीज सल्फेट १.५४, झिंक सल्फेट ०.२२, मोरचूद ०.०८ आणि अमोनियम मॉलिब्डेट ०.०२ ग्रॅम. या बाटलीतून टबाच्या दर लिटरला १ मिली, म्हणजे ४० लिटरला ४० मिली. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागेल. त्यावरही ०.०२ ग्रॅम भरवशाने मोजता येत नाही. १ ग्रॅम मॉलिब्डेट ५० मिली पाण्यात विरघळवून त्यातलं १ मिली घ्या, झाले ०.०२ ग्रॅम.

पाणी कुठलं

मुंबईचं तलावांचं किंवा पुण्याचं खडकवासल्याचं नळाचं पाणी मृदू असतं, एक रात्र उघडं ठेवून वापरावं. बोअरचं पाणी ही वेगळी भानगड. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात आणि ते सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) सतत वर ढकलतात. आज ६ वर आणलात तरी परवा ७.२. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३०० पीपीएमच्या वर असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा.

आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर चालतो, पण तो मुळात विद्युतवाहकता म्हणजे ईसी मोजतो आणि बहुधा तिला ५०० ने गुणून पीपीएम दाखवतो. काही कंपन्यांचे मीटर ७०० ने गुणतात. म्हणून दुसऱ्याचा पीपीएम आकडा जसाच्या तसा उचलू नये, ईसीत बोलावं. वरच्या खताने ईसी मूळ पाण्याच्या वर साधारण १.५ मिलिसीमेन्स चढते. रोपं नवी असताना खत निम्मं घाला. उन्हाळ्यात पूर्ण वाढीलाही १.० ते १.२ पुरते, कारण उकाड्यात रोप पाणी जास्त ओढतं आणि खत मागे साठत जातं.

सामू ५.५ ते ६.२ मध्ये ठेवायचा. ६.५ च्या वर गेला की ईडीटीएच्या पकडीतलं लोह सुटायला लागतं आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. लोह टबात असतं, पण रोपाला घेता येत नाही. अशा वेळी आणखी लोह टाकण्यात अर्थ नसतो, सामू उतरवायचा. त्यासाठी फॉस्फोरिक ॲसिड १० टक्क्यांपर्यंत पातळ करून ठेवा (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही) आणि एकेक मिली टाकून, ढवळून, दहा मिनिटांनी मोजा. लिंबू किंवा व्हिनेगरने सामू उतरतो खरा, पण ते जिवाणूंचं खाद्य आहे. दोन दिवसांत सामू पुन्हा वर आणि मुळांवर बुळबुळीत थर, हे बक्षीस वेगळं. पीएच मीटर सोबतच्या ४.०१ आणि ६.८६ च्या पुड्यांवर महिन्यातून दोनदा जुळवून घ्या. त्याचं टोक कोरडं पडलं की तो खोटं बोलायला लागतो.

रोज सकाळी तीन गोष्टी बघायच्या: पाण्याची पातळी, ईसी, सामू. पातळी उतरली आणि ईसी चढली, तर रोप तहानलेलं आहे, भुकेलं नाही. वरून साधं पाणी घाला. दोन्ही उतरले, तर खत कमी पडतंय. थोडं जास्त ताकदीचं द्रावण घाला. पातळी उतरली आणि ईसी तिथेच, तर जोडी जमली, त्याच ताकदीचं द्रावण घालत राहा. सामू रोज थोडा थोडा चढणं हे निरोगी लक्षण आहे: मुळं नायट्रेट आत घेतात तेव्हा त्याच्या बदल्यात पाणी अल्कधर्मी होत जातं. सामू एकाएकी घसरला, तर मात्र झाकण उचलून आधी मुळं बघा.

उकाडा

आपल्याकडे हा टब मुख्यतः एप्रिल-मेमध्ये मरतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, हे कारण सगळे सांगतात आणि ते अर्धंच खरं आहे. २० अंशांना लिटरमध्ये ९.१ मिग्रॅ प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६. म्हणजे सहावा हिस्साच कमी. कॉर्नेल विद्यापीठाच्या लेट्यूसच्या नियमावलीत किमान ४ मिग्रॅ सांगितलेत. त्या हिशोबाने ३० अंशांनाही चालायला हवं. पण दर १० अंशांमागे मुळांचा आणि जिवाणूंचा श्वास जवळपास दुप्पट होतो. आवक थोडी घटली, खर्च दुप्पट झाला. त्यातच पिथियम हा मुळं कुजवणारा बुरशीसारखा जीव जागा होतो. साताऱ्याकडच्या आल्याच्या शेतकऱ्याला कंदकुजीमुळे हे नाव पाठ असतं. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात, गरम आणि हवा कमी असलेल्या पाण्यात गुदमरलेलं मूळ गाठतात, आणि सगळी रोपं एकाच टबात असल्यामुळे एकाचं दुखणं दोन दिवसांत आठांचं होतं.

तेव्हा पाणी २५-२६ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी चिलर घेतला तर लेट्यूस केशराच्या भावात पडेल. १ लिटरची पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवा. वितळून २५ अंशांपर्यंत येईतो ती सुमारे ४४० किलोज्यूल उष्णता ओढते. म्हणजे २० लिटर पाणी जेमतेम ५ अंशांनी उतरतं. आपल्या ४० लिटरला दुपारी दोन बाटल्या लागतील, आणि दुसऱ्या दोन फ्रीजरमध्ये तयार हव्यात. बाटली बंदच टाका. बर्फ मोकळा टाकला तर द्रावण पातळ होतं.

नागपूर, जळगाव, नाशिककडे माठाची युक्तीही चालते. टबाला ओलं गोणपाट गुंडाळून समोर पंखा लावला की कोरड्या हवेत पाण्याचं तापमान चांगलं उतरतं. मुंबई-कोकणात मे महिन्यात हे करून फक्त गोणपाटाला बुरशी येते, कारण हवाच ओलीचिंब असते. तिथे त्या दोन महिन्यांत लेट्यूसचा हट्ट सोडून बेसिल लावावं. त्याला ऊब मानवते. पालक मात्र उन्हाळ्यात टबात घालू नये. पिथियमचा तो आवडता घास आहे.

आणि वीज. भारनियमनात पंप बंद पडला, तर थंडीत लहान रोपं काही तास सहज काढतात. मे महिन्यात, मुळांनी टब भरलेला असताना, काही तासांतच पानं माना टाकतात. वीज गेल्यावर आपोआप बॅटरीवर चालणारे छोटे पंप मत्स्यटाकीच्या दुकानांत मिळतात. घरात इन्व्हर्टर असेल तर ५ वॅटचं ओझं त्याला कळणारही नाही. बिनखर्चाचा विमा म्हणजे हवेची फट. रोप लावताना पाणी नेटपॉटच्या बुडाला १ सेंमी लागलेलं हवं. मुळं १०-१२ सेंमी लांब झाली की पातळी ३ ते ४ सेंमी खाली आणा आणि पुन्हा वर नेऊ नका. त्या दमट फटीतल्या मुळांना पांढरी मखमल फुटते आणि ती थेट हवेतला प्राणवायू घेतात. ती नंतर पाण्यात बुडवलीत, तर तीच आधी कुजतात.

रोपं आणि उजेड

लेट्यूसचं बी ओल्या स्पंजच्या २.५ सेंमी तुकड्यावर वरच ठेवायचं, गाडायचं नाही. उगवायला त्याला उजेड लागतो. साधारण ३० अंशांच्या वर ते झोपूनच राहतं आणि आपण बियाणेवाल्याला दोष देतो. उन्हाळ्यात भिजवलेला ट्रे पहिले दोन दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. १२-१४ दिवसांनी, स्पंजखाली मूळ डोकावलं की टबात.

खिडकीचा उजेड पुरेल असं डोळ्यांना वाटतं, पण डोळे या कामात फसवतात. खोलीत ३००-४०० लक्स असतात, लेट्यूसला हवेत १३ ते १४ हजार, रोज १६ तास. मोबाइलच्या लक्स ॲपवर पानांच्या उंचीला मोजा. या टबावर २ फुटी, १० वॅटच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या सहा, पानांपासून २० सेंमीवर. टायमर लावाच. हिशोबाला दिवसाचं जवळपास एक युनिट, पंप धरून महिन्याला ३२ युनिटं, आणि हाती पाच आठवड्यांनी ८०० ग्रॅम ते एक किलो पाला. गॅलरीत चार-पाच तास कोवळं ऊन येत असेल तर दिवे न घेता टब तिथे ठेवणं शहाणपणाचं, फक्त पाण्याच्या तापमानावर डोळा हवा.

पंखा मात्र हवाच, आणि तो रोपांवर सतत मंद फिरता. कारण गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात तेव्हा सगळे कॅल्शियम वाढवतात. कॅल्शियम पानापर्यंत पोचतं ते पान पाणी बाहेर टाकतं त्या ओढीने. दमट, कोंदट खोलीत गाभ्यातलं पान पाणी टाकतच नाही, मग टबात कितीही कॅल्शियम असो. वारा दिला की नवी पानं नीट येतात. करपलेली सुधारत नाहीत.

मुळं बघायची कशी

निरोगी मूळ दुधट पांढरं, घट्ट, बिनवासाचं. खताने तपकिरी छटा आली म्हणून घाबरू नका. एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहिला आणि बोटांना गटाराचा वास आला, तर ते कुजलंय. ते रोप काढून टाका. हायड्रोजन पेरॉक्साइडने दोन दिवस बरं वाटतं, रोग जात नाही. निम्म्या रोपांना लागण असेल तर सगळा टब रिकामा करणंच स्वस्त.

एक गोष्ट घराबाहेरच्यांच्याही जिवाशी येते. पंप बंद पडलेला टब म्हणजे डेंग्यूच्या डासांचं बाळंतघर. रिकामी भोकं बुचाने बंद करा, झाकणाच्या कडेला फट ठेवू नका. पावसाळ्यात पालिकेची माणसं कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात, तशी याचीही विचारणा होऊ शकते.

दर दोन आठवड्यांनी द्रावण पूर्ण बदला आणि जुनं कुंड्यांना घाला, ओतून देऊ नका. पीक निघाल्यावर टब, नेटपॉट, नळ्या आणि दगड एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी अशा मिश्रणात अर्धा तास बुडवा, दोनदा धुवा आणि खडखडीत वाळवा. त्याच मोरीत फॉस्फोरिक ॲसिडची बाटली उघडू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हवेच्या दगडांतून नंतरही बुडबुडे मोठे आणि एकाच बाजूने यायला लागले, तर ते फेकून नवे घ्या. जुनेच वापरून वाचतात ते वीस-तीस रुपये.